मित्राच्या आवाजात



कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. अखिल भारतीय साहित्य संमेलन ठाण्यात २०१० साली भरलं, डोंबिवलीत २०१७ साली. ऐकण्याची सवय इथे जुनी आहे. पण आज या शहरांत माणसं वळवण्याचं सगळ्यात मोठं काम चालतं ते इमारतीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत. विषय जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा. तिथे वक्ता जिंकला तर टाळ्या पडत नाहीत, सह्या पडतात.

वक्त्याची पत, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद ही ॲरिस्टॉटलची तीन साधनं आपण वक्तृत्व स्पर्धेतल्या स्पर्धकांना शिकवतो. आपल्या कीर्तनकारांनी ती केव्हाच वापरली: पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात डोळे पाणावणारं आख्यान, आणि नारदाच्या गादीवर उभं राहण्याचा मान ही पत. बिल्डरचा माणूस काय वेगळं करतो? वाढीव कार्पेट क्षेत्रफळ, कॉर्पस निधी, दरमहा भाडं, असे आकडे आधी पडद्यावर. मग स्लॅबमधून डोकावणाऱ्या गंजक्या सळयांचे फोटो. शेवटी ‘आमची पलीकडची इमारत बघून या’. यातलं काही खोटं असेलच असं नाही. पंचाहत्तरीच्या आजींना लिफ्ट हवीच असते.

इथे मला संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाची आठवण होते. ‘काव्यप्रकाशा’त त्याने उपदेशाचे तीन आवाज सांगितले. वेद मालकासारखे आज्ञा देतात, पुराणं मित्रासारखी समजावतात, काव्य प्रियेसारखं गोडीने वळवतं. मम्मटाचा कल अर्थातच काव्याकडे. सोसायटीच्या सभेत मात्र समिती मालकाच्या आवाजात बोलते, बिल्डर प्रियेच्या. मित्राचा आवाज कुठेच नसतो. ‘बांधकाम रखडलं तर भाडं कोण देणार, बँक हमी किती रकमेची, भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधी जुनं घर पाडून आपण नेमके कुठे उभे असू’ हे विचारणाऱ्याला ‘तुम्ही विकासाच्या विरोधात’ म्हणून बसवलं जातं. पुनर्विकासाबद्दलच्या ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानंतर तर ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर काम पुढे सरकतं. उरलेल्यांना पटवण्याची गरजच संपते, हे मला वक्तृत्वाचा माणूस म्हणून खटकतं. कायद्याची बाजू मी जाणकारांवर सोडतो.

युक्तिवाद आणि पत यांची ताकद किती वेगळी, हे जुलै १९०८मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दिसलं. राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांनी सहा दिवसांत मिळून २१ तासांहून अधिक वेळ स्वतःचा बचाव केला. कायद्याचा कीस पाडला. ज्युरीत सात युरोपियन होते आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन असा विरोधात गेला. २१ तासांनी ते सात जण हलले नाहीत. निकालानंतर टिळक जे दोन-चार वाक्यं बोलले, त्यांत दयेची याचना नव्हती; तीच वाक्यं पुढे त्या न्यायालयात संगमरवरावर कोरली गेली. ती पटली, कारण बोलणारा शिक्षा भोगायला तयार होता. सभेत आपल्याला पटवणाऱ्याचं स्वतःचं काय पणाला लागलंय, हा प्रश्न मी म्हणूनच आकड्यांच्या आधी विचारीन.

असा प्रश्न विचारायला आपल्या वक्तृत्व स्पर्धांत मात्र जागाच नसते: श्रोता गप्प बसतो आणि परीक्षक गुण देतात. बाजू नेमून दिलेली असते. एखादी मुलगी पुनर्विकासाच्या बाजूने तावातावाने बोलते आणि दुसऱ्या फेरीत तितक्याच तावाने विरोधात. कसरत म्हणून ठीक आहे. पण माझी आयोजकांना विनंती आहे: उद्याच्या अंतिम फेरीत वक्त्याला सात मिनिटं द्या आणि त्यानंतरची दहा मिनिटं सभागृहाला. प्रश्नांना उत्तरं देताना ‘हे मला माहीत नाही, माहिती काढून सांगतो’ असं जो म्हणेल, त्याचे गुण कापू नका.