लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरचा आहार



लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झाली म्हणजे उपचार संपला, असा समज अनेक घरांत आढळतो. वस्तुतः आहाराच्या नव्या शिस्तीस तेथूनच प्रारंभ होतो.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली अन्नाचा मार्ग वळविण्याची, अर्थात जठराच्या बायपासची, शस्त्रक्रिया प्रथम केली. आज अधिक प्रचलित असलेल्या दुसऱ्या पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते.

आरंभी भाताची निवळ व डाळीचे पाणी घोटघोट द्यावे लागते. पुढे क्रमाक्रमाने पातळ ताक, घोटलेले वरण, नंतर मऊ अन्न आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण. हा क्रम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पाळावा.

आपल्या ताटात भाताला पहिला मान. येथे तो शेवटचा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, म्हणून डाळ, उसळ, दही, अंडे किंवा काटे काढलेली मासळी आधी, मग भाजी आणि जागा उरल्यास भात. घास लहान असावा व सावकाश चावावा. पाणी जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाने प्यावे. बायपासनंतर गोड खाल्ल्यास साखर झपाट्याने आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, घेरी व जुलाब असा त्रास होऊ शकतो. लोह, कॅल्शियम व ब-१२ जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी यांत आयुष्यभर खंड पडता कामा नये.

खरी कसोटी लागते ती पंगतीत. "एवढ्याने काय होते?" म्हणून पानात पडणारी जिलेबी आपल्या दृष्टीने माया असते, पण जेवणारा कात्रीत सापडतो. खाल्ले तर प्रकृती बिघडते, नाकारले तर यजमान दुखावतो. घरातील वडीलधाऱ्यांनाही पाच-सहा घासांवर उठणारी सून उपाशी राहिल्यासारखी वाटते. तिचे पोट खरोखरच भरलेले असते, हे त्यांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.

कालांतराने भूक पुन्हा जागी होते. तोवर नवी सवय अंगवळणी पडली नसेल, तर उतरलेले वजन परत चढू शकते. शल्यविशारद जठर लहान करू शकतो. आग्रह आवरणे मात्र घरच्यांच्याच हाती आहे.