पूर्ण एक मिनिट



नर्सिंगच्या विद्यार्थिनींना रुग्णतपासणी शिकवणारं सॉफ्टवेअर मी बनवते. तपासणी शिकवायच्या मुख्य पद्धती तीन. पहिली जुनी : बाई करून दाखवतात, मग मुली एकमेकींवर सराव करतात. दुसरी पुतळ्याची. 1968 साली मायामी विद्यापीठात ‘हार्वे’ नावाचा पुतळा आला. त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की हृदयाच्या आजारांतले आवाज ऐकू येतात. त्याच्यावर शंभरदा चुकलं तरी कुणाला दुखत नाही. तिसरीत शिकवून तयार केलेला धडधाकट माणूस रुग्ण बनतो. ही सुरुवात 1963 साली डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी केली.

आमची पद्धत सर्वांत पुढची, असं मला वाटायचं. मग आई रुग्णालयात होती तेव्हा एका शिकाऊ मुलीने तिच्या तक्त्यावर श्वासाचा आकडा लिहिला, 18. आई धापा टाकत होती. मी घड्याळ लावून मोजले, 30 भरले. डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला, आई सावरली.

मी त्या मुलीवर चिडले होते. घरी येऊन स्वतःचा प्रोग्राम उघडला आणि गप्प झाले. आकडा बरोबर टाकला की आम्ही हिरवी खूण देत होतो; मुलगी मिनिटभर थांबली का, हे बघतच नव्हतो. आता पुतळ्याचा श्वास दर वेळी बदलतो आणि मिनिट भरल्याशिवाय आकडा टाकता येत नाही.

तरी एक गोष्ट पुतळ्यावर येत नाही. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर हळूच छातीकडे न्यायची. हे जित्या माणसावरच शिकावं लागतं, आणि शेजारी बघणाऱ्या बाई असाव्या लागतात. म्हणून पुतळ्यावर हात बसवावा, माणसावर वागणं शिकावं. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून कबूल करते. दहावीत लोलकाची 20 आंदोलनं न मोजता मी शेजारणीचा आकडा उतरवला होता. तुम्ही वही न रागावता परत दिलीत, हातात स्टॉपवॉच ठेवलंत आणि मोजून होईपर्यंत शेजारी उभे राहिलात. मधली सुट्टी संपली होती, तुमचा डबा तसाच राहिला होता.

त्या शिकाऊ मुलीशेजारी तसं कुणी उभं राहिलं नसावं. तुम्ही माझ्याशेजारी उभे राहिलात. धन्यवाद, सर.