डोंगरवाटेचा पोशाख, पादत्राण आणि रीतभात

गोल्फचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें आपल्या समाजांत थोडीं. परंतु त्या मैदानावर पोशाखाचे निर्बंध फार कडक असतात, हें ऐकून बहुतेकांस ठाऊक असतें. मुंबईकरांना चेंबूरचें बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाचें मैदान निदान नांवानें परिचयाचें आहे. ही संस्था १९२७ सालची. अशा संस्थांतून सामान्यतः सदऱ्याला कॉलर हवी, जीनची विजार नको आणि पायांत हिरवळ न उखडणारे बूट हवेत, असा दंडक असतो. पूर्वी या बुटांच्या तळाला लोखंडी खिळे असत. त्यांनीं हिरवळीला भोकें पडतात म्हणून १९९० नंतरच्या दशकांत बहुतेक ठिकाणीं मऊ प्लास्टिकचे खिळे आले. वर्तनाचेहि नियम ठरलेले. चेंडू मारतांना गवताचें ढेकूळ उखडलें तर तें पुन्हां जागच्या जागीं बसवावें, वाळूच्या खड्ड्यांतील आपल्या पावलांचे ठसे दांताळ्यानें पुसून टाकावे, दुसरा चेंडू मारीत असतां बोलूं नये, आणि आपला चेंडू कोणाच्या अंगावर जात आहे असें दिसतांच ‘फोर’ अशी आरोळी द्यावी. या खेळाचे पहिले लेखी नियम १७४४ सालीं स्कॉटलंडांत लीथ येथें झाले. पुढें कित्येक वर्षें नियमांच्या पुस्तकांत आरंभींचें प्रकरण शिष्टाचाराचें असे. २०१९ च्या सुधारणेंत तें वेगळें न राहतां खेळाडूच्या वर्तनाचा नियम म्हणून मुख्य नियमांतच सामावलें गेलें.

हा सगळा थाट पैसेवाल्यांचा, असें म्हणून मध्यम स्थितींतील गृहस्थ तो विषय सोडून देतो. पण तोच गृहस्थ रविवारीं पहांटे कसाऱ्याची गाडी धरून आसनगांवला उतरतो, किंवा कल्याणहून मुरबाडच्या एस. टी. मध्यें बसतो, तेव्हां तोहि एका मैदानावरच निघालेला असतो. हें मैदान मोठें आहे. शहापूर तालुक्यांत माहुली आणि आजोबाचा डोंगर, मुरबाड तालुक्यांत गोरखगड, सिद्धगड आणि नाणेघाटाची चढण. माहुलीचें रान तानसा अभयारण्यांत मोडतें म्हणून तेथें वनखात्याची देखरेख आहे, परंतु बुटाचा तळ कोणी उलटून पाहत नाहीं. इतरत्र तर पाटीहि नाहीं आणि समितीहि नाहीं. तेव्हां नियमच नाहींत, अशी समजूत सहज होते. नियम आहेत, ते मोडल्याचा दंड मात्र पुष्कळदां भलत्यालाच भरावा लागतो.

या डोंगरांचा लौकिक नवा नाहीं. सुमारें २८१५ फूट उंचीच्या माहुलीवर १६३६ सालीं शहाजीराजे मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यांत सांपडले व निजामशाहीचा शेवट झाला. पुरंदरच्या तहानें मोगलांकडे गेलेला हाच किल्ला १६७० सालीं स्वराज्यांत परत आला. नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. वैशाखऱ्याहून वर जाणाऱ्या त्या वाटेनें दोन हजार वर्षें माल वाहिला गेला. सिद्धगडाच्या रानांत २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या लागून हौतात्म्य आलें, आणि दर वर्षीं त्या दिवशीं तेथें माणसें जमतात. अशा ठिकाणीं जाणारा मनुष्य नुसता हवा खावयास गेला, असें म्हणवत नाहीं.

पादत्राणापासून आरंभ करणें सोईचें. सह्याद्रीचा दगड लाव्ह्याचा, काळा आणि कठीण. कोरडा असतां त्यावर रबरी तळ चांगला बसतो. परंतु पावसाळ्यांत त्यावर शेवाळ धरलें कीं किंमती बुटाचाहि फारसा इलाज चालत नाहीं. अशा वेळीं गुळगुळीत, हिरवट दगड टाळून खडबडीत दगडावर किंवा गवताच्या बुंध्याशीं पाऊल टाकण्याची नजर हवी; ती नजर बुटांच्या दुकानांत मिळत नाहीं. पावसाळा सरला म्हणजे दुसरी अडचण. वाटांवर मुरूम सुटतो. चढतांना तो जाणवत नाहीं, उतरतांना मात्र जोंधळ्याच्या दाण्यांवरून चालल्याप्रमाणें पाय निसटतो. माहुलीच्या चढणीवर वरच्या अंगाला लोखंडी शिडी आहे. गोरखगडाच्या उभ्या कातळांत पायऱ्या खोदलेल्या आहेत आणि हातांनीं धरावयास खोबणी आहेत. तेथें चामडी तळाचा कचेरींतला बूट, सटकणारी सपाता किंवा उंच टांचेचें पादत्राण घालून जाणें म्हणजे केवळ अविचार.

बूट घ्यावयास सायंकाळीं जावें. दिवसभराच्या चालण्यानें पाय थोडे फुगतात, आणि डोंगरावर ते तसेच फुगावयाचे असतात. जो जाड मोजा घालावयाचा तोच घालून बूट पाहावा. अंगठ्यापुढें बोटभर जागा हवी; नाहींतर उतारावर प्रत्येक पावलाला नख बुटावर आपटून दुसऱ्या दिवशीं काळेंनिळें होतें. टांच मात्र आंत हलतां कामा नये. तळ रबरी आणि खोल खांचांचा असावा. नवा बूट आठवडाभर बाजारहाटाला वापरून मगच डोंगरावर न्यावा; पायाला फोड यावयाची तर ती भाजीबाजारांत आलेली बरी. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवींत ठेवावा. यांत महागाचें असें फार थोडें आहे.

ठाकूर, कातकरी किंवा महादेव कोळी समाजांतील माणसें अनवाणी वा साध्या रबरी चपलेनें झपझप चढतांना पाहून एखाद्या तरुणाला वाटतें, ही बुटांची उठाठेव कशाला? त्या पावलांना लहानपणापासून बोटें पसरून दगड धरण्याची संवय आहे, आणि त्याचें पाऊल जन्मभर फरशीवर वाढलें आहे, एवढें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

आतां वस्त्रें. गोल्फच्या मैदानावर जीनला समिति मनाई करते. माहुलीवर ती मनाई पाऊस करतो. भिजलेली जीन ओल्या गोधडीसारखी जड होते, मांडीला चिकटून गुडघा उचलूं देत नाहीं, आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाहीं. पावसाळ्यांत लवकर वाळणारें पातळ कृत्रिम धाग्याचें कापड बरें; उन्हाळ्यांत सैल सुती कापडासारखें सुख नाहीं. बाह्या मात्र दोन्ही ऋतूंत पूर्ण असाव्या, आणि विजारहि पायघोळ नव्हे पण घोट्यापर्यंत असावी, कारण वाटेच्या दोन्ही अंगांना कारवीचीं खोडें आणि कांटेरी झुडपें असतात. घाटाच्या वाऱ्यांत छत्री पांच मिनिटांत उलटते. भातलावणीला वांकलेली बाई पाठीवर इरलें घेते, त्यांत पाऊस पाठीवरून जातो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. रेनकोट निवडतांना हीच कसोटी लावावी.

स्त्रियांनीं कोणता वेष करावा, याविषयीं घरांतून उगाच वाद होतात. याच डोंगरांतून कासोटा घातलेल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन उतरत आल्या आहेत. अडथळा साडीचा नसून घोळणाऱ्या टोकांचा आहे. आणि तो दोष ओढणीला, लोंबत्या पिशवीला, किंवा पुरुषांच्या गळ्यांतील पंचालाहि तितकाच लागू पडतो. रंगाविषयीं एवढेंच कीं, हिवाळ्यांत पशुपक्षी पाहावयाचे असतील तर मातकट रंग बरा, पण श्रावणांतल्या धुक्यांत सोबत्यांना दिसावें म्हणून तांबडा वा पिंवळा रंगच उपयोगीं पडतो.

रीतभातीचा भाग याहून नाजूक आहे. त्याचा आरंभ तोंडापासून होतो. कचेरींत शिपायालाहि ‘अहो’ म्हणणारा सुशिक्षित मनुष्य पाड्यावर येतांच साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला ‘ए, वाट कुठे आहे रे’ असें विचारतो, हें दृश्य दुर्मिळ नाहीं. ‘बाबा’, ‘मावशी’, ‘दादा’ हे शब्द त्या भागांतहि आहेत, आणि ते वापरल्यास वाटहि नीट सांगितली जाते. वाटाड्या घेतल्यास त्याची मजुरी आधीं ठरवावी आणि जेवतांना त्याला पंक्तींत घ्यावें. गांवांत जेवण करावयाचें असल्यास आगाऊ कळवावें. दहा माणसांच्या भाकऱ्या चुलीवर अवचित होत नाहींत.

आषाढांत खाचरें भरलेलीं असतात आणि त्यांचे बांध नुकतेच लिंपलेले असतात. ओळीनें वीस माणसें त्यांवरून गेलीं कीं कडा ढांसळते, पाणी खालच्या खाचरांत उतरतें, आणि मालकाला पुन्हां चिखल थापीत बसावें लागतें. गोल्फच्या मैदानावर उखडलेलें ढेकूळ बसवितात. येथें ढांसळलेला बांध बसविणें पाहुण्याला येत नाहीं, तेव्हां वळसा घेऊन पायवाटेनेंच जावें. अरुंद वाटेवर मोळी किंवा हंडा घेतलेलें माणूस समोरून आलें तर आपण डोंगराच्या अंगाला सरून उभें राहावें आणि त्याला जाऊं द्यावें. पायाखालून दगड निसटला तर लाजून गप्प न बसतां ‘दगड!’ म्हणून मोठ्यानें ओरडावें. गोल्फच्या ‘फोर’ आरोळीचा हाच अर्थ आहे. एरव्हीं मात्र आरडाओरड, वाजतें यंत्र, धूर आणि उग्र अत्तर हीं चारहि वर्ज्य करावीं, कारण कड्यांना आग्या मोहोळें असतात. माशा उठल्याच तर हात न झाडतां तोंड झांकून, पावलें सांभाळून, तेथून दूर व्हावें.

पाण्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. १८९२ पासून तानसा तलावाचें पाणी मुंबईला जातें. तानसा आणि भातसा हीं दोन्ही धरणें शहापूर तालुक्यांतलीं; आणि याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. ज्याच्या घरचा नळ या मुलखाच्या पावसावर चालतो, त्यानें येथल्या गडावरील टांक्यांत पाय सोडून बसावें किंवा तोंड धुवावें, याला काय म्हणावें? पिण्याचें पाणी भांड्यानें काढून घ्यावें, हातपाय दूर जाऊन धुवावे, आणि टांक्याजवळ उष्टें, कागद वा बाटल्या ठेवूं नयेत.

या मुलखांतून गेलेल्या एका सभ्य प्रवाशाचा उल्लेख येथें करण्यासारखा आहे. २००९ सालीं अहमदनगर जिल्ह्यांतील एका विहिरींतून काढलेला एक वयस्क बिबट्या गळ्यांत नोंदयंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटांत सोडण्यांत आला. अभ्यासकांनीं त्याचें नांव ‘आजोबा’ ठेविलें. तो शेतें, वस्त्या आणि लोहमार्ग ओलांडून सुमारें १२० किलोमीटर चालला, आणि कोणाला इजा न करतां मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोंचला. पुढें २०११ सालीं तो मुंबई-आग्रा रस्त्यावर वाहनाखालीं सांपडून मेला. वाटेंतल्या माणसांपैकीं कित्येकांना तो गेल्याचें कळलेंहि नसेल.

अपघाताचा हिशेब आपण बहुधा ज्याचा पाय मोडला त्याच्यापुरताच करतो. तो अपुरा आहे. गडावर घसरलेल्या माणसाला प्रथम गांठतात तीं पायथ्याच्या गांवचीं माणसें. शहरांतून मदतपथक येईपर्यंत बांबू आणि घोंगडी यांची डोली करून खांद्यावरून त्याला उतरवावयास आठदहा जण लागतात. वाट निसरडी असली तर मधून मधून खांदे बदलावे लागतात. हे प्रसंग पावसाळ्यांत अधिक, आणि भातलावणीहि त्याच दिवसांत. लावणीचा दिवस उद्यांवर ढकलतां येतोच असें नाहीं. रोप उपटून ठेवलेलें असतें आणि पाऊस कोणाकरितां थांबत नाहीं. सपाता घालून आलेल्या एका पाहुण्यापायीं आठ घरांचीं माणसें शेतांतून उठतात. त्यांना कोणी मजुरी विचारीत नाहीं, आणि तीं सांगतहि नाहींत. अलीकडे पावसाळ्यांत जिल्हा प्रशासन धोक्याच्या धबधब्यांवर जाण्यास मनाई हुकूम काढतें, तेव्हां शहरांत नाराजी दिसते. त्या हुकुमांमागें ही डोलीहि आहे.

म्हणून निघतांना घरीं कोणता गड, कोणता गांव आणि परतीची कोणती गाडी हें सांगून ठेवावें; डोंगरांत दूरध्वनि लागेलच असा भरंवसा नसतो. पिशवींत विजेरी, शिटी, मलमपट्टी आणि माणशीं निदान तीन लिटर पाणी असावें. उतरण्यास चढण्याइतकाच वेळ धरावा, आणि गडाचा माथा दुपारीं दोनच्या आंत सोडावा.

घरीं आल्यावर बुटांचा चिखल ब्रशानें झाडावा, आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे आणि ते दोनतीनदां बदलून बूट सावलींत वाळवावे. चुलीजवळ किंवा कडक उन्हांत ठेवल्यास तळाची चिकटवण सुटते. पुढच्या खेपेच्या आदल्या रात्रीं बूट हातांत घेऊन मध्यावर वांकवून पाहावा. तळ कोठें उकललेला दिसला तर तो मोच्याकडे द्यावा आणि त्या रविवारीं घरींच राहावें.