संकेतस्थळास जागा पाहताना

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आज मला ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे, तो स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर काहीसा रूक्ष वाटेल याची मला जाणीव आहे. आपल्या मंडळाचे संकेतस्थळ पुन्हा उभे करावयाचे असून, ते कोणत्या होस्टिंग कंपनीकडे ठेवावे यासंबंधी उपसमितीचा एक सभासद या नात्याने मी चार शब्द मांडणार आहे. ‘पुन्हा’ हा शब्द मी हेतुपुरस्सर योजला. आपले पहिले संकेतस्थळ कसे गेले हे पुष्कळांस ठाऊक नाही, आणि ते सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाही.

आपल्या एका उत्साही कार्यकर्त्याने ते पदरमोड करून उभारले होते. नाव त्यांनीच नोंदविले, भाडे त्यांनीच भरले, आणि साहजिकच खाते त्यांच्या स्वतःच्या नावावर व त्यांच्याच मोबाईल क्रमांकाशी जोडलेले राहिले. ते अकस्मात निवर्तले. नूतनीकरणाची स्मरणपत्रे कोणीही न उघडणाऱ्या ई-मेलच्या पेटीत साचत राहिली. मुदत टळली, सवलतीचे दिवसही गेले, आणि ते नाव कोणा तिऱ्हाइताने उचलले. शिष्यवृत्तीच्या अर्जावर छापलेला पत्ता उघडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस तेथे जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या, तेव्हा आम्हांस जाग आली. कुटुंबसूची गेली, दिवंगत ज्येष्ठांची छायाचित्रे गेली. यात त्या सद्गृहस्थांचा दोष तिळमात्र नाही. त्या काळी चिटणीस मी होतो, आणि इतक्या वर्षांत एकाही सभेत ‘हे खाते कोणाच्या नावे आहे?’ असा साधा प्रश्न मी विचारला नाही.

यास्तव प्रथम हे ध्यानी घ्यावे की, संकेतस्थळाचे नाव आणि त्याची जागा या दोन भिन्न वस्तू आहेत. नाव, म्हणजे डोमेन, हे कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी फार तर १० वर्षांपुरते नोंदविता येते. जागा, म्हणजे सर्व्हरवरील होस्टिंग, ही भाड्याची खोली होय. पुष्कळ कंपन्या ‘खोली घ्या, नाव मोफत’ असे आमिष दाखवितात. मोफत घेण्यास हरकत नाही. परंतु नाव मंडळाच्याच नावे नोंदले जाईल काय, आणि उद्या बिऱ्हाड हलविले तर ते आपल्यासवे नेता येईल काय, हे आधी विचारावे. मी तर म्हणेन, नाव एकीकडे व जागा दुसरीकडे असावी. घरमालकाशी बिनसले तरी दारावरची पाटी आपल्या हाती राहते.

भाड्यासंबंधी एवढेच सांगतो की जाहिरातीतील आकडा पहिल्या कराराचा असतो. दुसऱ्या वेळी तोच दर दुपटी-तिपटीवर गेलेला आढळतो. खजिनदारांनी नूतनीकरणाचा दर पाहावा. ‘अमर्याद जागा’ या शब्दावरही भुलू नये. अटींच्या बारीक अक्षरांत फायलींच्या संख्येची मर्यादा बहुधा दडलेली असते.

आता हमीविषयी. ‘९९.९ टक्के वेळ सेवा चालू’ हे वाचून मन प्रसन्न होते. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा सहस्रांश म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. एवढा काळ स्थळ बंद राहिले तरी हमी मोडत नाही! ९९ टक्के म्हटले तर साडेतीन दिवसांहून अधिक. आणि हमी मोडलीच, तर भरपाई म्हणून सामान्यतः भाड्यातील काही अंश वळता करून मिळतो. शिष्यवृत्तीच्या अखेरच्या दिवशी अर्ज न पोहोचलेल्या मुलास त्याचा काय उपयोग?

याहून गंभीर गोष्ट बॅकअपची. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरगृहास आग लागली. एक इमारत संपूर्ण भस्मसात झाली, दुसरीचा काही भाग जळाला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. तथापि लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. ज्यांनी आपल्या प्रती अन्य शहरी ठेवल्या होत्या ते सावरले. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांच्यापैकी कित्येकांचे कायमचे गेले. कंपनी लहान नव्हती, हे विशेष. तेव्हा कंपनी कितीही नामांकित असो, दरमहा एक प्रत आपल्या कार्यालयातील कपाटात आलीच पाहिजे, आणि वर्षातून एकदा तरी ती उघडून, स्थळ तिच्यावरून पुन्हा उभे करून पाहिले पाहिजे. हे आपल्याला विशेष लागू आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट व्यापते. डेटाबेसची मांडणी चुकीची असल्यास परत आणलेल्या मजकुरात अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. प्रत आहे, पण वाचता येत नाही, अशी विचित्र अवस्था होते.

सर्व्हर देशात असावा की परदेशात, याबद्दल उपसमितीत वाद झाला. आपले बहुतेक वाचक महाराष्ट्रातले. मुंबईतील सर्व्हरवरून पान त्वरित उघडते, अमेरिकेहून येण्यास प्रत्येक फेरीला विलंब लागतो. अमेझॉननेही २०१६ साली मुंबईत आपली केंद्रे उघडली, तेव्हा जागेची वाण नाही. मोठा स्वतंत्र सर्व्हर घ्यावा असे काही तरुण सभासदांचे मत होते. मला ते पटत नाही. त्याची डागडुजी आपणच करावी लागते, आणि ती करणारा माणूस नोकरीनिमित्त परगावी गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आपल्यासारख्यांस सामाईक होस्टिंग, म्हणजे वाड्यातील एक बिऱ्हाड, पुरेसे आहे. मात्र वधूवर विभागाची माहिती तेथे उघडी राहता कामा नये. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानंतर मुलामुलींची जन्मतारीख व दूरध्वनी क्रमांक संमतीवाचून प्रसिद्ध करणे हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरलेला नाही.

निवड करण्यापूर्वी मी एक युक्ती केली, ती सांगतो. रात्री साडेदहा वाजता दोन कंपन्यांस एकच प्रश्न पाठविला: ‘आमची संपूर्ण प्रत आम्हांस कशी उतरवून घेता येईल?’ एकीकडून तत्काळ गोड उत्तर आले, परंतु ते यंत्राचे होते आणि त्यात नवी योजना घेण्याचा आग्रह होता. दुसरीकडून चाळीस मिनिटांनी एका माणसाने पायऱ्या लिहून पाठविल्या. त्या पायऱ्यांनी मी गेलो, आणि प्रत उतरली. उपसमितीची शिफारस दुसरीची आहे, जरी तिचे भाडे अधिक आहे.

ठराव उद्या सकाळी सर्वसाधारण सभेपुढे येईल. खाते मंडळाच्या नावे, पासवर्ड मोहोरबंद पाकिटात अध्यक्षांकडे, आणि ओटीपी दोन पदाधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्याच्या कार्यालयीन मोबाईलवर, असे त्याचे स्वरूप आहे. तोवर ज्यांच्या घरी जुन्या कुटुंबसूचीची छापील प्रत असेल, त्यांनी ती कृपया कार्यालयात आणून द्यावी. पाने फाटलेली असली तरी चालतील. नक्कल करून ती आठ दिवसांत परत केली जाईल.