पहिल्या बाकावरची जागा

चिंचोटीला अहमदाबाद हमरस्त्यावरून कंटेनर धडधडत गेला की वर्गातल्या एखाद्या मुलाची मान वळते आणि फळ्यावरचं राहून जातं. रोज तसंच झालं की तो ‘वांड’ ठरतो, ‘आळशी’ ठरतो. कधीकधी ते एडीएचडी असतं : लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जाणं. मेंदूच्या वाढीशी निगडित अडचण आहे ही, आईबापांच्या लाडाची नव्हे.

निदान करताना डॉक्टर पाहतात, की लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झाली का, सहा महिने टिकली का, घरी आणि शाळेतही दिसतात का. म्हणून बाईंचं म्हणणं तक्रार समजू नका; त्यांच्याकडून ते लिहूनच घ्या.

आणि बाईंकडे मागा : खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर जागा. एका वेळी एकच सूचना. दहा गणितांऐवजी आधी तीन. वह्या गोळा करायला त्यालाच उठवावं. थोडं हिंडून आला की तो बसू शकतो. मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापू नये, हे आग्रहाने सांगा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. ही उणीव मला खुपते. विशिष्ट अध्ययन अक्षमता मात्र त्यात आहे आणि ती पुष्कळदा सोबत असते. म्हणून दोन्हींची तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळ मिळतो.

तुमचाच जीव थकला असेल, तर टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे १४४१६. मराठीत बोला.