परदेशी गेलेला शिक्षक आणि कृतज्ञता

शिकविण्यासाठी परदेशी गेलेल्या माणसास नित्याच्या व्यवहारात कृतज्ञतेची ओळख कशी पटते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मुळशी तालुक्यातील आमचे हिंजवडी हे गाव पूर्वी भातशेतीमुळे आणि म्हातोबाच्या बगाडामुळे लोकांस ठाऊक होते. आता ते संगणकाच्या कचेऱ्यांमुळे प्रसिद्ध आहे. येथील पुष्कळ घरांतील मुले-मुली दूरदेशी असतात, आणि त्यांतील काही तेथे अध्यापनही करतात. तेव्हा हा विषय आता विद्वानांपुरता उरला नसून घरोघरचा झाला आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. आपण मात्र उपकाराच्या भाराने वाकलेला असा त्याचा अर्थ करून बसलो आहो. वस्तुतः या शब्दात वाकणे नाही, जाणणे आहे. पालीत हाच शब्द ‘कतञ्ञू’ असा येतो, आणि मंगलसुत्तात जी उत्तम मंगले सांगितली आहेत त्यांत कृतज्ञतेचीही गणना केलेली आहे.

पालीचे नाव निघाले की धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. त्यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच. १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे घर सोडून ते पुण्यास व तेथून काशीस गेले. काशीत अन्नछत्रातील अन्नावर राहून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. नंतर नेपाळ आणि बुद्धगया पाहून १९०२ साली ते सिंहलद्वीपात पोहोचले व विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. म्हणजे गाठीस द्रव्य नसलेल्या या माणसाची विद्या अनेक हातांच्या अन्नावर वाढली. त्या अन्नछत्रांत वाढणाऱ्या माणसांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. पुढे सयाजीराव महाराज गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी त्यांस दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्याची याहून मोठी प्राप्ती सोडून त्यांनी ते पत्करले.

१९१० साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे काम तेथे अपुरे पडले होते. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने ते आरंभिले. बालपणीच्या अपघाताने पाठीचा कणा दुखावलेला असतानाही त्याने ते नेटाने चालविले, आणि १८९९ साली त्याचा अंत झाला. त्याचे काम पुरे करण्यास एक मराठी माणूस समुद्र ओलांडून गेला! पुढे १९२९–३० साली कोसंबी लेनिनग्राड येथेही पालीच्या अध्यापनासाठी जाऊन राहिले.

आता प्रश्न असा की, परदेशातच ही जाणीव तीव्र का व्हावी? माझ्या मते कारण सोपे आहे. स्वगृही साह्य हे हवेसारखे असते. ते आहे हे ध्यानातच येत नाही. परक्या मुलुखात भाषा अडते, अन्न बदलते, ऋतूही अनोळखी असतो. मग प्रत्येक लहान साह्य स्वतंत्र उठून दिसते. शिक्षकाच्या बाबतीत तर अधिकच. शाळेत तो देणारा असतो; परदेशी उतरताच तो पुन्हा घेणारा होतो. विद्यार्थीच त्यास वाट दाखवितात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. परदेश पाहिलेला नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी थंड मुलुखात शिकवितो. त्याने कळविले की, पहाटे वाटेवरचे बर्फ दूर करणारा माणूस आला नाही तर त्या दिवशी त्याचा वर्गच भरावयाचा नाही. पुढे तो लिहितो, ‘गुरुजी, आपल्या शाळेचे अंगण रोज कोण झाडीत असे, हे मला येथे आल्यावर आठवले.’

परंतु येथे एक धोका आहे, आणि तो सांगितल्यावाचून विषय पुरा होत नाही. यजमानाचे उपकार म्हणून त्याचे सर्वच मुकाट्याने सोसावे काय? कोसंबींपुढे हाच प्रसंग उभा राहिला. ग्रंथावर संपादक म्हणून केवळ वॉरनचे नाव असावे, असा प्राध्यापक लानमन यांचा आग्रह होता. आपल्या श्रमांची योग्य नोंद व्हावी, असे कोसंबींचे म्हणणे होते. मतभेद मिटेना, तेव्हा १९१२ साली ते स्वदेशी परतले आणि फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. तेथील त्यांच्या शिष्यांपैकी पु. वि. बापट हे पुढे नामांकित पाली पंडित झाले.

यास कोणी कृतघ्नता म्हणेल काय? मी तरी म्हणणार नाही. कृतज्ञता म्हणजे केलेले जाणणे असेल, तर कोणी काय केले याचा हिशेब खरा असावा लागतो, आणि त्यात स्वतःचे श्रमही आलेच. शिवाय कोसंबींनी मनात अढी धरून काम टाकले नाही. ते पुन्हा तीन वेळा हार्वर्डला गेले आणि त्यांनी ते पुरे केले. ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती मात्र १९५० साली निघाली. तिच्यावर वॉरन आणि कोसंबी अशी दोघांचीही नावे आहेत. ती पाहण्यास कोसंबी हयात नव्हते. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला होता.

तेव्हा ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आईबापांस माझी एक विनंती आहे. मुलांशी बोलताना पगार आणि प्रकृती यांची चौकशी झाली की आणखी एक प्रश्न विचारावा, ‘या आठवड्यात तुझे काम कोणाकोणामुळे झाले?’ उत्तरात माणसांची नावे आली पाहिजेत. मोघम उत्तर घेऊ नये. आणि हाच प्रश्न घरी राहिलेल्यांनी स्वतःसही विचारावा, कारण आपले अंगणही कोणीतरी झाडीत असतेच.