हुतात्म्यांची लॅटिन

इ.स. १८०, जुलैची १७ तारीख. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात रोमन सुभेदार सातुर्निनुस न्यायासनावर बसला आहे आणि समोर स्किलियम गावचे काही ख्रिस्ती स्त्री-पुरुष उभे आहेत. सुभेदार चिडलेला नाही. प्रकरण मिटावे, या लोकांनी सम्राटाच्या नावाने शपथ घ्यावी आणि घरी जावे, एवढीच त्याची इच्छा दिसते. आरोपींच्या वतीने स्पेरातुस बोलतो आणि प्रत्येक वेळी नकार देतो. विचार करायला तीस दिवसांची मुदत देऊ केली जाते, तीही तो नाकारतो. तुमच्या त्या पेटीत काय आहे, असे सुभेदार मध्येच विचारतो. पुस्तके आणि पौलाची पत्रे, असे उत्तर मिळते. मग पाटीवरचा निकाल वाचला जातो, पुकारा करणारा बारा नावे पुकारतो, आणि ज्यांची नावे पुकारली ते देवाचे आभार मानतात.

छापील दोन पानांचा मजकूर. ज्याची तारीख नक्की सांगता येते असे ख्रिस्ती लॅटिनमधले हे सर्वांत जुने लिखाण.

आता हा मजकूर मुळातून वाचायचा तर कोणते शब्द यायला हवेत? ‘कापसा’ म्हणजे पेटी, ‘ताबेल्ला’ म्हणजे निकाल लिहिलेली पाटी, ‘प्राएको’ म्हणजे पुकारा करणारा, ‘मोरा’ म्हणजे मुदत, ‘ग्लादियुस’ म्हणजे तलवार. देव, स्वर्ग, ख्रिस्ती आणि हुतात्मा हे शब्द येतात, पण बोटांवर मोजण्याइतकेच. बाकी सगळी भाषा कचेरीची. संतचरित्रे वाचण्यासाठी लॅटिन शिकू पाहणारा माणूस बहुधा प्रार्थनांपासून किंवा स्तोत्रांपासून सुरुवात करतो, आणि शब्द कळत असूनही गोष्ट कळत नाही म्हणून अडतो. त्याने आधी न्यायालय, तुरुंग आणि प्राण्यांच्या झुंजीचे रिंगण यांचे शब्द शिकावेत, हे या व्याख्यानाचे म्हणणे आहे.

दुसरा नेहमीचा मार्ग म्हणजे वारंवारतेच्या याद्या. अमेरिकेत पॉल डिडरिक यांनी १९३९ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. प्राचीन आणि मध्ययुगीन लॅटिनमधल्या दोन लाखांहून अधिक शब्दांचे उतारे त्यांनी तपासले, आणि १,४७१ शब्द आले की मजकुराचा जवळजवळ ८४ टक्के भाग ओळखता येतो असे दाखवले. हे काम फार उपयोगाचे आहे आणि अशी यादी कोणीही डोळे झाकून पाठ करावी. फक्त उरलेल्या सोळा टक्क्यांत काय असते तेही पाहायला हवे. ‘आणि’, ‘तो’, ‘म्हणणे’, ‘करणे’ हे पहिल्या भागात येते. अजगर, खोडा, चीज, गाय, भाऊ कोणत्या दुखण्याने गेला, हे सगळे दुसऱ्या भागात. म्हणजे गोष्ट तिथे असते.

याचा उत्तम नमुना पर्पेतुआचा.

विबिया पर्पेतुआ ही कार्थेजमध्ये पकडलेली सुमारे बावीस वर्षांची विवाहित, सुशिक्षित मुलगी. अंगावर पिणारे मूल होते. तिच्याबरोबर फेलिसितास नावाची गरोदर गुलाम स्त्री आणि आणखी काही जण होते. ७ मार्च २०३ रोजी, राजपुत्र गेटाच्या वाढदिवसानिमित्त ठेवलेल्या खेळांत त्यांना मारले, असे परंपरेने मानले जाते. हे चरित्र वेगळे ठरते ते त्याच्या मधल्या भागामुळे. तो पर्पेतुआने तुरुंगात स्वतः लिहिला, असे संपादक सांगतो. सोबतीचा कैदी सातुरुस याचेही एक स्वप्न त्याच्याच शब्दांत आहे. सुरुवात आणि शेवट अनाम संपादकाचा. संपादक लांबलचक, नटवलेली वाक्ये लिहितो. पर्पेतुआ लहान वाक्ये ‘आणि’ने जोडत जाते: पाहिले, म्हणाले, गेले, जागी झाले. लॅटिनचे एखादे वर्ष झालेल्या विद्यार्थ्याला संपादकाची प्रस्तावना डोंगराएवढी वाटते. तिथे थांबून पुस्तक मिटणारे पुष्कळ. प्रस्तावना सरळ ओलांडावी आणि तिसऱ्या प्रकरणापासून वाचायला घ्यावे.

तिथे तिचा बाप आलेला असतो. धर्म सोड म्हणून विनवतो. ती जमिनीवरचे एक मडके दाखवते आणि विचारते, याला याच्या नावाखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का? बाप म्हणतो, नाही. मग मीही जी आहे त्याखेरीज दुसरे काही स्वतःला म्हणवू शकत नाही, असे ती सांगते. या संवादाला लागणारे शब्द घरगुती आहेत: मडके, बाप, मुलगी, नाव. पुढे दूध, स्तन, अंधार, गर्दी, उकाडा, लाच घेणारे शिपाई. मूल जवळ मिळाल्यावर तुरुंग एकाएकी सुभेदाराच्या वाड्यासारखा वाटू लागला, असे ती लिहिते. तिथे ‘प्राएतोरियुम’ हा शब्द कोशात ‘सेनापतीचा तंबू’ असा सापडतो. विद्यार्थी तोच अर्थ घेऊन बसला तर एका आईचा सुटकेचा निःश्वास त्याला छावणीची बातमी वाटेल.

स्वप्नांत शब्दांची चंगळ आहे. काशाची उंच शिडी, तिच्या कडांना लावलेल्या तलवारी, भाले, आकडे, पायथ्याशी अजगर. वर बाग आणि मेंढ्यांचे दूध काढणारा म्हातारा मेंढपाळ. तो तिला दुधाच्या घट्ट चीजचा घास देतो आणि ती जागी होते तेव्हा तोंडात काहीतरी गोड चघळत असते. ‘कासेउस’ हा शब्द कोणत्याही भक्तिपर शब्दसूचीत नसतो. ‘नेर्वुस’ म्हणजे स्नायू असे शाळेत पाठ केलेले असते, इथे तो कैद्यांचे पाय अडकवायचा खोडा. ‘कातास्ता’ म्हणजे आरोपीला उभा करायचा चौथरा. तिचा भाऊ दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना तोंडाच्या भयंकर रोगाने गेलेला. स्वप्नात तो तहानलेला दिसतो आणि पाण्याच्या टाक्याचा काठ त्याच्या उंचीपेक्षा वर असतो. तिने प्रार्थना केल्यावर काठ खाली येतो आणि पोरगा पोटभर पिऊन खेळायला जातो. त्याच्या या सुखाला ती ‘रेफ्रिगेरारे’ वापरते. मूळ अर्थ थंड करणे, गारवा मिळणे. हाच शब्द रोममधल्या भुयारी दफनभूमीच्या भिंतींवर मृतांसाठीच्या भोजनाच्या आणि विसाव्याच्या अर्थाने खरडलेला सापडतो.

रिंगणातला एक प्रसंग तर शब्दसंग्रहाचा धडाच आहे. बिबट्याने एकदाच चावा घेतला आणि सातुरुस रक्ताने न्हाला. प्रेक्षकांनी आरोळी ठोकली ती रोमन स्नानगृहातल्या नेहमीच्या शुभेच्छेची: छान स्नान झाले! संपादक लगेच ती टिंगल उचलतो आणि हा त्याचा दुसरा बाप्तिस्मा होता असे म्हणतो. स्नानगृहातली बोली ज्याला ठाऊक नाही त्याला ना टिंगल कळते, ना तिला दिलेले उत्तर.

यावरून एका जुन्या वादाकडे वळता येते. नेदरलँड्समधल्या नाइमेखेन येथे योसेफ स्क्रायनेन आणि त्यांच्या शिष्या क्रिस्तिने मोरमान यांनी विसाव्या शतकात असा सिद्धांत मांडला, की आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची लॅटिन ही एका गटाची वेगळी भाषा होती. त्यासाठी त्यांनी गोळा केलेली शब्दसामग्री अजून मोलाची आहे. सिद्धांत मात्र ताणलेला वाटतो. पर्पेतुआ, तिचा बाप आणि सुभेदाराच्या जागी बसलेला हिलारियानुस हे एकमेकांशी बोलताना कोणालाही दुभाषा लागत नाही. भाषा एकच आहे, काही शब्दांच्या पोटात मात्र नवा अर्थ शिरला आहे.

विद्यार्थ्याची खरी फजिती हेच शब्द करतात. ग्रीकमधून आलेले ‘एपिस्कोपुस’, ‘बाप्तिस्मा’, ‘अँगेलुस’, ‘मार्तिर’ परके दिसतात म्हणून माणूस कोश उघडतो. जुने शब्द ओळखीचे दिसतात म्हणून तो उघडत नाही. ‘विर्तुस’ म्हणजे मर्दपणा, शौर्य. संतचरित्रांत त्याचे अनेकवचन आले की बहुधा चमत्कार. ‘साक्रामेंतुम’ ही सैनिकाची शपथ होती, ती धर्मसंस्कार झाली. ‘सायकुलुम’ म्हणजे युग, पण संन्यासी ते सोडून जातो तेव्हा त्याचा अर्थ संसार. ‘पागानुस’ म्हणजे खेडवळ किंवा शिपाई नसलेला माणूस, चौथ्या शतकात तो ख्रिस्ती नसलेला झाला. ‘कोन्फेस्सोर’ म्हणजे न्यायालयात श्रद्धा कबूल करूनही जिवंत राहिलेला, आणि पुढे हुतात्मा न होता संतपद पावलेला कोणीही. ‘नातालिस’ म्हणजे जन्मदिवस, पण संताच्या बाबतीत तो मरणाचा दिवस. मराठी माणूस ज्या दिवसाला पुण्यतिथी म्हणेल त्याला ही मंडळी वाढदिवस म्हणतात, आणि हे न कळल्यामुळे तारखा उलट्या लावणारे वाचक भेटतात.

कोश निवडताना म्हणूनच सावध राहावे लागते. ऑक्सफर्डचा मोठा लॅटिन कोश हा अभिजात भाषेसाठी प्रमाण मानला जातो, पण तो इ.स. २०० च्या आसपास थांबतो आणि ख्रिस्ती लेखकांना वगळतो. १८७९ चा लुईस आणि शॉर्ट यांचा कोश जुना असला तरी या वाचकाला अधिक कामाचा. अलेक्झांडर साउटर यांचा इ.स. ६०० पर्यंतच्या उत्तरकालीन लॅटिनचा छोटा कोश १९४९ साली आला, आणि अल्बेर ब्लेझ यांचा ख्रिस्ती लेखकांचा फ्रेंच कोश १९५४ साली. साउटर हाताशी असला की निम्म्या अडचणी सुटतात.

मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे, आणि तो कोणी वापरत नाही. संस्कृतची तोंडओळख असलेल्याला ‘इग्निस’ म्हणजे अग्नी, ‘विदुआ’ म्हणजे विधवा, ‘वेस्तिस’ म्हणजे वस्त्र, ‘सेर्पेन्स’ म्हणजे सर्प, ‘नोमेन’ म्हणजे नाव हे पाठ करावे लागत नाही. ‘क्रेदो’ आणि श्रद्धा यांचे मूळही एकच. त्याहून मोठी मदत व्याकरणात. लॅटिनमध्ये काही क्रियापदांचे रूप कर्मणी आणि अर्थ कर्तरी असतो, आणि युरोपातली मुले त्यांना घाबरतात. हुतात्म्यांच्या कथांत नेमकी हीच क्रियापदे पावलोपावली येतात: सोसणे, कबूल करणे, मरणे, जन्मणे, मागे जाणे. ज्याने संस्कृतचे आत्मनेपद शिकले आहे त्याला ‘मोरियोर’ पाहून ‘म्रिये’ आठवायला हवे. दोन्ही शब्द सख्खे, आणि दोन्हींची ठेवणही तीच. मात्र ‘सांक्तुस’ आणि मराठी ‘संत’ यांचे नाते जोडायचा मोह टाळावा. संत हा ‘सत्’पासून आला, सांक्तुस ‘धर्मविधीने पवित्र ठरवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून. उच्चारांचे साम्य योगायोगाचे.

पुढच्या शतकांत रचलेल्या हुतात्मा-कथा भाषेने सोप्या आणि वाङ्मय म्हणून कंटाळवाण्या. संतचरित्रांचा अभ्यास करणाऱ्या बोलांदिस्ट जेझुइटांपैकी इपोलित देलेहाय यांनी त्यांना महाकाव्यछाप कथा म्हटले. त्यांत न्यायाधीश नेहमी संतापतो, हुतात्मा भाषणे करतो आणि छळाची साधने ओळीने येतात: ‘एकुलेउस’ हा ताणण्याचा घोडा, ‘उंगुला’ म्हणजे मांस ओरबाडायचे आकडे, ‘क्रातिकुला’ म्हणजे संत लॉरेन्सच्या कथेतली भाजायची जाळी. अशा तीन कथा वाचल्या की चौथीला कोश लागत नाही. शब्द घोटण्यासाठी त्या उत्तम. १६४३ साली अँटवर्पमध्ये सुरू झालेल्या ‘आक्ता सांक्तोरुम’ या प्रचंड ग्रंथमालेत अशा कथांचा साठाच आहे.

सुल्पिसियुस सेव्हेरुसने सुमारे ३९७ साली लिहिलेले तूरच्या मार्टिनचे चरित्र वेगळ्या जगात नेते. इथे हुतात्मा नाही. आमियांच्या वेशीपाशी कडाक्याच्या थंडीत आपला झगा तलवारीने दुभागून भिकाऱ्याला अर्धा देणारा एक शिपाई आहे. शब्द छावणीचे, खेड्यांचे, तोडलेल्या पवित्र झाडांचे.

जुन्या शब्दांत नवा अर्थ शिरण्याची ही अडचण गोव्यात सतराव्या शतकात उलट दिशेने आली. लॅटिनमध्ये शिकलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, आणि एतियेन द ला क्रुआ यांचे संत पीटरवरचे मराठी ओवीबद्ध पुराण १६२९ साली. नवे शब्द पोर्तुगीजमधून उचलायचे की मराठीतल्या जुन्या शब्दांत नवा अर्थ भरायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी दोन्ही केले. स्टीफन्सनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले, तर संस्कारांसाठी परके शब्द ठेवले. आफ्रिकेतल्या लॅटिन ख्रिस्ती लोकांनी दुसऱ्या शतकात नेमके हेच केले होते.

तेव्हा सुरुवात स्किलियमच्या दोन पानांपासून करावी. प्रत्येक नवा शब्द स्वतःच्या वहीत, अक्षरक्रमाने न लावता प्रसंगाप्रमाणे लिहावा: कचेरी, तुरुंग, घर, रिंगण, शरीर. अर्थ पालटलेल्या शब्दांपुढे दोन्ही अर्थ लिहावेत. त्यानंतर पर्पेतुआ, मग मार्टिन. जेरोमने लिहिलेले पहिला संन्यासी पौल याचे चरित्र, त्यातला अर्धी भाकरी आणणारा कावळा आणि थडगे खणणारे सिंह कितीही खुणावोत, शेवटी घ्यावे. जेरोमने ते व्हर्जिल पचवलेल्या वाचकांसाठी लिहिले आहे. आणि वाचायचे ते मोठ्याने. ३९७ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने हुतात्म्यांच्या स्मरणदिनी त्यांच्या कथा चर्चमध्ये वाचायला परवानगी दिली, आणि तिथे जमणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या कानांनीच कळायच्या होत्या.